विमानाचे डोळे कोण आखणार?

रामवाडी, पेण
बुधवार, १६ ऑगस्ट १९९५

तीर्थस्वरूप दादाकाकांस निलेशचा साष्टांग नमस्कार. इथे सगळे बरे आहेत, म्हणजे निदान आजारी कोणी नाही. तुमचा गुडघा कसा आहे? लेकीकडे राहायला गेल्यापासून कुंडलिकेच्या काठी रोज फिरता, असं मनस्वीने कळवलं. वाचून बरं वाटलं. आमच्याकडे फिरायला कोणाला वेळ नाही. तुमचे धाकटे बंधू, म्हणजे आमचे बाबा, विमान करताहेत.

झालं असं की येत्या मंगळवारी मला मुंबईच्या एका नव्या खाजगी विमान कंपनीने मुलाखतीला बोलावलं आहे. पायलटचं लायसन्स काढून सहा वर्षं झाली, त्यातलं हे पहिलं बोलावणं. हे हुकलं तर सासरेबुवांनी डोलवीच्या कंपनीत स्टोअरकीपरची जागा बोलून ठेवलीच आहे. ('जमिनीवरची नोकरी बरी' असंही ते म्हणाले. नम्रता तेव्हा हसली, हे मी विसरलेलो नाही.) अडचण अशी की मी शिकलो ती विमानं गोल घड्याळांची आणि काट्यांची. हल्लीच्या विमानांत काटे जाऊन टीव्हीसारखे पडदे आलेत. डावीकडे वेगाचे आकडे पट्टीसारखे सरकतात, उजवीकडे उंचीचे, मध्ये वर निळं आकाश आणि खाली तपकिरी जमीन. हे सगळं एका नजरेत वाचता आलं पाहिजे, आणि मुलाखतीत नेमकं तेच विचारतात. माझी नजर अजून काटाच शोधते. एका मित्राने पुस्तकाची झेरॉक्स दिली, पण ती तळहाताएवढी आणि काळीपांढरी. म्हणून मला दुर्बुद्धी सुचली आणि मी बाबांना म्हटलं, हे प्लायवूडवर खऱ्या मापाने रंगवून द्याल का? त्यांनी ऐन हंगामात दीडशे गणपती बाजूला सारले.

चार दिवसांत त्यांनी जे उभं केलं ते पाहायला सगळी रामवाडी लोटते आहे. बटणं अशी की दाबावीशी वाटतात. स्क्रूच्या खाचासुद्धा सोडलेल्या नाहीत. पण करडा रंग वेगळा कालवायचा कंटाळा, म्हणून सबंध कॉकपिटला गणपतीच्या उंदरासाठी कालवलेला रंग! चाकं खाली सोडायचा दांडा विमानात एकच असतो. बाबांच्या नजरेला चित्र एका अंगाला कललेलं वाटलं, म्हणून तोल साधायला त्यांनी दुसऱ्या बाजूलाही एक काढला. मी म्हटलं, असा दांडा नसतो. ते म्हणाले, "नसंल. पण शोभतो." परवापासून माझा हात त्या नसलेल्या दांड्याकडेच जातो. धरमतरच्या कृष्णाबाई मासळी घेऊन आल्या, त्यांनी कारखान्यात डोकावून आईला विचारलं, "काय गो इंदू, ह्यो उडवताना कौलां काढावी लागतील नाय?" आईने तितक्याच गंभीरपणे सांगितलं, "आधी पोरगा पास तर होऊ दे."

हेही सोसलं असतं. पण पडदे! ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते सहाच्या सहा पडदे कोरे आहेत. विचारलं तर म्हणाले, "आधी अंग, मंग दागिने, डोळे शेवटी." मी म्हटलं, अहो, हे पडदे आहेत. तर म्हणाले, "विमान चालवताना तू बघणार कशात? ह्यांच्यातच ना? मंग हेच डोळे. आणि आपल्या कारखान्यात डोळे आखायचे थोरल्याच्या हातानं."

आता थोरले म्हणजे तुम्ही, आणि तुम्ही दोन वर्षांपूर्वी रंगाच्या कॉम्प्रेसरवरून बाबांशी भांडून, आपले ब्रश घेऊन रोह्याला गेलात. ("यंत्रानं रंगवता तर डोळेही यंत्रानंच आखा" हे तुमचं दारातलं वाक्य इथे सगळ्यांना पाठ आहे.) तेव्हापासून मूर्तींचे डोळे आपला जुना कारागीर जगन आखतो. गणपतीला ते चालतं, विमानाला चालत नाही! मी गुपचूप जगनला गाठलं, तर बाबांनी त्याला मूर्ती पोचवायच्या निमित्ताने हमरापूरला पिटाळलं. परिणामी रोज सकाळी मी स्टुलावर बसतो, नम्रता विचारते, "उंची किती?" आणि मी पांढऱ्या चौकोनाकडे पाहून सांगतो, "पाच हजार फूट." ती म्हणते, "बरोबर. डोलवी दिसायला लागली."

असो. हे तक्रार म्हणून लिहिलेलं नाही. (तक्रार म्हणूनच लिहिलं आहे.) गुडघ्याला जपा. मनस्वीला आणि जावईबापूंना आठवण सांगा.

तुमचा,
निलेश

ता. क. – रविवारी सकाळच्या एसटीने पेणला यावं. येताना एक बारीक ब्रश आणावा. अर्ध्या तासाचं काम आहे.

ता. क. २ – खरं सांगायचं तर पडदे मी खडूनेही काढू शकलो असतो. काल काढायला घेतले, तर बाबांनी ओल्या फडक्याने पुसून टाकले आणि विचारलं, "दादाला लिहिलंस का?" प्लायवूड आणलं त्या दिवसापासून रोज विचारताहेत. मला वाटायचं, मुलाखतीचं कळवलं का, एवढंच विचारतात.

ता. क. ३ – पाकीट चिकटवलं आणि तार आली, म्हणून पुन्हा उघडलं. मुलाखत पुढे गेली, गणपतीनंतर, १९ सप्टेंबरला. म्हणजे आता घाई काहीच नाही. पण हे मी बाबांना सांगितलेलं नाही आणि तुम्हालाही माहीत नाही. रविवारीच या. सोमवारपर्यंत एकाही मूर्तीच्या डोळ्यांना हात लावू नकोस, असं हमरापूरहून परतलेल्या जगनला बजावलं आहे. तेव्हा ब्रश एकाऐवजी चार आणा.