घंटीऐवजी दिवा

प्रिय डॉक्टरसाहेब,

म्हणजे आमचे धाकटे बंधुराज! तुझ्या नव्या दवाखान्याचं सुतारकाम मी थांबवलं आहे. सुतार तणतणतोय, उद्घाटन लांबणार म्हणून तूही तणतणशील. खुशाल तणतण. एका गोष्टीला तुझा सरळ होकार मिळेपर्यंत तिथे एक खिळाही ठोकला जाणार नाही.

आधी कामाचं सांगते. बाहेरच्या खुर्च्या हातांच्या घेतल्या. गुडघे दुखणाऱ्याला उठताना काहीतरी धरायला लागतं. तुला आवडलेले ते मऊ सोफे रद्द केले, त्यात रुतलेल्या म्हाताऱ्या माणसांना वर काढायला तुला वेगळा माणूस ठेवावा लागला असता. वजनकाटा आत घेतला, चारचौघांत कुणाचं वजन कशाला? बेसिन तुझ्या दाराशीच आहे, एक पेशंट निघून दुसरा बसेपर्यंत हात धुऊन होतात. दार सरकतं, चाकांची खुर्ची सहज आत जाईल. एवढं माझ्या डोक्यातलं. बाकीचं तुझं.

आणि त्या बाकीच्यानेच माझ्या नाकी नऊ आणले. आधी म्हणालास पंखा नको, आवाज होतो. मग बाहेरच्या खोलीकडची भिंत जाड हवी. तीही केली. मग टेबलच फिरवलंस, खिडकीचा उजेड तुझ्या कागदांवर नको, पेशंटच्या तोंडावर हवा. इतकी वर्षं दवाखाने आखतेय, असं मागणारा तू पहिलाच! मग पेशंटची खुर्ची तुझ्या डाव्या हाताला, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल अशी. आणि शेवटी, बाहेर नावं लिहून घेणाऱ्या बाईंनी तुला कळवायला घंटी नको, टेबलावर दिवा लाव. मी आपली कौतुक करत सुटले, माझ्या भावाला पेशंटची किती कळकळ! तुझ्या बायकोलाही तेच सांगितलं. ती नुसती हसली, आणि मला वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

परवा जुन्या दवाखान्यात कपाटाची मापं घ्यायला आले होते, तेव्हा ते कळलं. पडद्यापलीकडे तू एका आजींचा मणका दाबून बघत होतास. तुझ्या कानात नळ्याही नव्हत्या. आजींचं तोंड भिंतीकडे. त्या म्हणाल्या, नव्या गोळीने गरगरतं, काल न्हाणीघरात पडले. मला पडद्याअलीकडे स्वच्छ ऐकू आलं. आणि तू म्हणालास, छान, गोळ्या अशाच चालू ठेवा. मी टेप तिथेच टाकून आजींच्या मागे फुटपाथवर धावले. त्या बिचाऱ्या म्हणे, डॉक्टरच छान म्हणतात तर पडणंही गुणाचंच असेल! त्यांना परत आणलं, तुझ्यासमोर बसवलं आणि सगळं पुन्हा सांगायला लावलं. तुझा चेहरा उतरला. गोळी बंद केलीस, आणि मी निघेपर्यंत माझ्या नजरेला नजर दिली नाहीस.

बाबांनीही असंच झाकलं होतं. सगळे हसले की हसायचे, काही विचारलं की हो हो म्हणायचे, आणि पुढे पुढे बाहेरच्या खोलीत येऊन बसणंच सोडलं त्यांनी. घरात असून आपल्यात नव्हते. मला अजून त्याचं वाईट वाटतं. पण बाबांच्या हो हो म्हणण्याने कुणाचा जीव जाणार नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे घरात चालतं, दवाखान्यात नाही.

तेव्हा मंगळवारी सकाळी कानाच्या डॉक्टरांकडे तुझं नाव लावलं आहे. मी सोबत येतेय. यंत्र दिसलं तर पेशंट पळतील अशी भीती आहे ना तुला? अरे, चष्मेवाल्या डॉक्टरकडे जातातच की लोक! तुझा उजेड, तुझी खुर्ची, तुझा दिवा, सगळं तसंच ठेवीन. फक्त मंगळवारी ये. हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू म्हणाला असतास, हो ताई, छान. आणि मी खुळी, तू कबूल झालास असं समजून सुताराला कामाला लावलं असतं. म्हणून लिहिलं. होकारही लिहूनच पाठव.

तुझीच,
ताई