क्रमांक अकराची मागची बाजू

मंगळवार, ७ मार्च

काय घडलं ते आधी लिहून ठेवते. मत नंतर.

१. २६ फेब्रुवारी ते ६ मार्च मी कामासाठी बाहेरगावी होते. घराची किल्ली आत्याकडे होती. कारण : स्वयंपाकघरातला नळ गळत होता आणि नळवाला ‘या आठवड्यात कधीतरी’ येणार होता.
२. नळवाला आला. नळ गळायचा थांबला.
३. आज सकाळी नऊला मी दार उघडलं. आत टर्पेंटाइनचा ताजा वास. आणि मी नऊ दिवस घरात नव्हते.
४. खिडकीखाली भिंतीला टेकवून ठेवलेली माझी तीन अपूर्ण चित्रं – क्रमांक ९, ११ आणि १२ – आता अपूर्ण नाहीत.
५. क्र. ९, जिना. खालच्या तीन पायऱ्यांच्या जागी कोरा कॅनव्हास ठेवला होता. आता पायऱ्या आहेत. खाली फरशीसुद्धा आहे.
६. क्र. १२, किटली. सावली दिली नव्हती. आता आहे.
७. क्र. ११, शिलाई मशीनवर बसलेली आई. डावा हात मनगटापाशी थांबवला होता. आता त्याला पंजा आहे.
८. ९ आणि १२ च्या मागे, माझ्या नोंदीखाली, लाल पेन्सिलीने गुण दिले आहेत. जिना साडेसात, किटली सात. दहापैकी.
९. ११ च्या मागे गुण नाहीत, खूण नाही.

मत : सात! माझ्याच घरात, माझ्याच किटलीला.

मंगळवार, रात्री

कोणी केलं हे शोधायला लागलं नाही. आत्या एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवत होती. आता निवृत्त आहे, दोन इमारती सोडून राहते. लाल पेन्सील अजून पर्समध्ये असते.

तिचाच फोन आला. “आलीस? बघितलंस का?” आवाजात नुसता उत्साह.

“बघितलं.”

“मग?”

“दमलेय. नंतर बोलू.”

राग आला की मी सभ्य होते. ही माझी खोड आहे आणि घरात कुणाच्याही ती लक्षात आलेली नाही.

बुधवार, ८ मार्च

तैलरंगाला मुदत असते. माझे खालचे थर तीन महिन्यांपूर्वीचे, खडखडीत वाळलेले. आत्याचा थर, ताज्या वासावरून, शनिवार-रविवारचा असावा. तो ओला आहे तोवर टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसता येतो, खालच्याला फारसा धक्का न लावता. एकदा वाळला की संपलं. करंगळी टेकवून तपासलं :

जिना – मातकट तपकिरी रंग, लवकर वाळतो. वाळला. गेला हातचा.
किटली – सावलीत काळा आणि निळा. ओला आहे. एक-दोन दिवस मिळतील.
आईचा हात – पांढरा, लाल, थोडा पिवळा, जाड लावलेला. पुढच्या बुधवारपर्यंत वेळ आहे.

जिन्यावर आणखी एक गोष्ट दिसली. पायऱ्यांच्या कडा चिकटपट्टी लावून काढल्या आहेत. पट्टी ओढून काढल्याची बारीक उठलेली रेघ आहे. जन्मभर पोरांना ‘पट्टी बाजूला ठेवा, हात चालवा’ म्हणणारी बाई! माझ्या चित्रात आल्यावर पट्टी चालते वाटतं.

पूर्ण करता येत नाहीत म्हणून मी अपूर्ण ठेवते असं सगळ्यांना वाटतं. बाबा तर पाहुण्यांना सांगतात, “हिला वेळ मिळत नाही.” वेळ भरपूर मिळतो. लॅबमध्ये मी कारखान्यांचे दाबमापक तपासते. काटा बरोबर दाखवतो की नाही, नसेल तर किती चुकतो. तिथून एकही गोष्ट अर्धी बाहेर जात नाही. प्रत्येक खाना भरायचा, सही करायची, शिक्का मारायचा. आठवड्यातले सहा दिवस मी गोष्टी पूर्ण करते. रविवार माझा.

रविवारी मी घड्याळाचा गजर लावते आणि त्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवते. वाजला की ब्रश असेल तिथून उचलायचा. कधी ढगाच्या मधोमध, कधी कानाच्या पाळीवर. मग चित्र भिंतीला टेकवून ठेवते, आठवडाभर येता-जाता बघते. क्र. ६ मध्ये फक्त खुर्चीच्या भोवतालची हवा रंगवली होती, खुर्ची सोडून. खुर्ची इतकी ठसठशीत दिसायला लागली की मी एकटीच हसत होते. गजर वाजायच्या आधीच्या दोन मिनिटांत हात जसा चालतो तसा एरवी कधीच चालत नाही. आणि थांबल्यावर मागे एक ओळ लिहायची : कुठे थांबले, काय उरलं.

९ च्या मागे : ‘थांबले. खालच्या तीन पायऱ्या कशावर उभ्या आहेत?’
१२ : ‘थांबले. सावली नसेल तर किटली टेबलावर आहे हे कशावरून?’
११ : ‘थांबले. डावा हात कुठे संपतो?’

या तीन ओळींसाठी मी तीन महिने ती चित्रं बघत होते. आत्याने दोन दिवसांत निकाल लावला.

गुरुवार, ९ मार्च

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सगळे दशांश म्हणतात. चहा किती घेणार विचारलं तरी ‘पॉइंट पाच’ म्हणतो. त्याला सांगितलं. सांगायला नको होतं.

“म्हणजे फुकटात पूर्ण करून मिळालं आणि तू रागावलीस?”

तो साहेबांकडे गेला तेव्हा त्याचं शब्दकोडं उघडंच होतं. आडवे नऊ आणि उभे चौदा मी भरून टाकले. बरोबर भरले. शाईने.

परत आला. बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. “हे कोणी केलं?”

“मी. फुकटात.”

“शाईने?”

“सुंदर अक्षरात.”

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता म्हणाला, “कळलं. पण आडवे नऊ मला येत होतं, हे लिहून ठेव कुठेतरी.” लिहून ठेवलं.

संध्याकाळी किटलीची सावली पुसली. अकरा मिनिटं लागली. कापडावर निळं-काळं आलं, कॅनव्हासवर राखाडी डाग राहिला, तळहाताएवढा. पूर्वीसारखं झालेलं नाही. होणारही नाही. तरी बरं वाटलं.

शुक्रवार, १० मार्च

आईचा फोन. आत्याने तिला सांगितलं असणार की मी बोलत नाही.

“अगं, तिने मनापासून केलं.”

“मीही मनापासूनच अर्धं ठेवलं होतं.”

“माझा हात इतके महिने तुटलेला ठेवलास. लोक विचारायचे मला.”

“कोण लोक?”

“तुझे बाबा.”

मग म्हणाली, “किती वर्षांनी तिने ब्रश हातात घेतला, आणि तू...” काय ते विचारलं तर म्हणे, कुकर... नाही, दार वाजतंय. आईला खोटं बोलता येत नाही. घाईने बोलली की दोन कारणं देते.

शनिवार, ११ मार्च

आत्या आली. चप्पल काढता काढता तिची नजर किटलीकडे.

“सावली कुठे गेली?”

“पुसली.”

“का?”

“माझी नव्हती.”

“तुझी कशी असेल? किटलीची होती.”

चहा केला. ती नेहमी अर्धाच कप घेते आणि मग परत अर्धा. दोनदा उठायला लागतं. आज तेही डोक्यात गेलं. मी पाठ केल्यासारखं सगळं बोलले : न विचारता, माझ्या मागे, माझ्या कामावर. आवाज चढवला नाही. तिने पूर्ण ऐकून घेतलं, वर्गात ऐकायची तसं, मान किंचित तिरकी करून.

“तू विचारलंस. मी उत्तर दिलं. बिघडलं कुठे?”

“मी कुणालाही काहीही विचारलेलं नाही.”

तिने क्र. १२ उलटं केलं आणि माझ्या ओळीखाली बोट ठेवलं. “हे प्रश्नचिन्हच ना? की इंजिनीअर लोकांत त्याचा अर्थ वेगळा असतो?”

“ती नोंद आहे. माझी, माझ्यासाठी.”

“वर्गात तोंडाने शंका विचारायची नाही. चित्राच्या मागे लिहायची, उत्तर चित्रावर मिळेल. तीन वर्षं होतीस माझ्या वर्गात. सगळ्यांत जास्त शंका तुझ्या. घरी आत्या आणि शाळेत बाई, हे न चुकता म्हणणारी तू एकटीच.”

मी हे साफ विसरले होते. हात विसरला नव्हता. पण ते तिला सांगितलं नाही.

“तेव्हा मी चित्र तुझ्या टेबलावर ठेवायचे. ही भिंतीला टेकवलेली होती.”

“आणि किल्ली माझ्याकडे दिलेली होती.”

“नळासाठी!”

तिला हसू आलं. मला नाही. “बरं. आणि सात गुण? माझ्या चित्राला गुण देणारी तू कोण?”

“तुला कुठे दिले?” तिला खरंच नवल वाटलं. “उत्तराला दिले. खिडकी डावीकडे आहे, मी सावलीही डावीकडेच पाडली. रंगवून झाल्यावर लक्षात आलं. म्हणून सात. जिना बरा जमला होता.”

“मग अकराला का नाहीत?”

तिने कप उचलला. रिकामा होता. परत ठेवला.

“उशीर झाला. निघते.”

तिथे थांबायला हवं होतं. एरवी मला थांबायची फार हौस! पण मी म्हणाले, “किल्ली ठेवून जा.”

तिने पर्समधून काढून टेबलावर ठेवली. किल्ली टेबलावर दोनदा वाजली.

रविवार, १२ मार्च

गजर लावला नाही. रंगवलं नाही.

सोमवार, १३ मार्च

सकाळी एका कारखान्याचा दाबमापक टेबलावर. काटा बरोबर जागी जातो, पण तिथे पोचल्यावर थरथरतो. नोंद : ‘काटा स्थिर नाही, कंप आहे.’ किती, ते मोजलं. दशांशाने तपासलं. खाना भरला.

तेवढ्यात किल्ली आठवली. दोनदा वाजलेली.

घरी येऊन भिंग घेतलं. पायऱ्यांच्या सहा सरळ कडा, सहाही चिकटपट्टीने. किटलीची सावली तर मी पुसूनच टाकली, तिथे आता काही वाचता येत नाही. मग ११. पंजाला पट्टी लावता येत नाही, सगळी वळणं. चार बोटं कापडात दडवली आहेत, हुशारीने. अंगठा मात्र उघडा. त्याची बाहेरची कड एका रेघेची नाही. तीन आहेत, एकीवर एक, तिन्ही लहरी. पहिली निसटली म्हणून दुसरी, दुसरी निसटली म्हणून तिसरी. मंगळवारी मी हे बघितलं होतं. एकतीस वर्षं शिकवलं आणि अंगठा असा, एवढंच मनात आलं होतं.

आईला फोन केला. “आत्याचा हात कधीपासून थरथरतो?”

“चार वर्षं. औषध चालू आहे. पूर्ण भरलेला कप धरता येत नाही.”

“मला का नाही सांगितलं?”

“तीच नको म्हणाली. म्हणाली, पोरगी मोजत बसेल.”

मंगळवार, १४ मार्च

दिवसभर राग होता. आधी आत्यावर – अजूनही आहे, न विचारता केलं ते केलंच, ती थरथरते म्हणून ते बरोबर ठरत नाही. मग आईवर. मग त्या अर्ध्या कपावर, जो चार वर्षं माझ्यासमोर होता आणि मी दोनदा उठावं लागतं एवढीच त्याची नोंद ठेवली.

चार वर्षं ब्रशला हात नाही. नळवाल्याची वाट बघत रिकाम्या घरात बसली असणार. समोर तीन चित्रं, मागे तीन शंका, ओळखीच्या अक्षरात. चिकटपट्टी घेऊन आली असणार घरून. नळवाला ‘कधीतरी’ येणार, म्हणजे वेळ भरपूर.

उद्या बुधवार. अंगठ्याची मुदत उद्यापर्यंत.

बुधवार, १५ मार्च

करंगळी टेकवली. अजून किंचित चिकट. फडकं हातात होतं. बाटली उघडली, बंद केली.

क्र. ११ उलटं केलं. माझ्या ओळीखाली पेन्सिलीने लिहिलं. ऑफिसला जाताना चित्र तिच्या दाराशी टेकवून ठेवलं. बेल वाजवली नाही.

‘बाई, अंगठ्याची कड तीन रेघांची आहे. मला ती पुसवत नाही, पुढेही नेता येत नाही. इथेच थांबायचं का? उत्तर शनिवार, १८ मार्चपर्यंत द्यावे. किल्ली खाली चिकटपट्टीने लावली आहे.’