चंदनाचं वैराग्य

दुधगाव, जि. सांगली
रविवार, १९ जानेवारी २०२५

चि. गोमटेशराव यांना दुधगावच्या आज्जीचा जय जिनेंद्र.

तुम्ही फलटणात खुशाल असालच. वकिलाकरवी पत्रं धाडणारा माणूस खुशालच असतो. इकडं हरभरा बरा आहे, माझे गुडघे बरे नाहीत.

अक्षर बघून दचकू नका. मला लिहिता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. मी सांगतेय आणि माझी नात, म्हणजे तुमची बायको, लिहितेय. व्हय, तीच. तुमच्या वकिलानं जिला "लग्नाआधीपासून वेडी, फसवून गळ्यात बांधलेली" म्हटलंय, ती माझ्यासमोर मांडी घालून बसलीय आणि माझी वाक्यं सुधारतेय. मी म्हटलं, "लय नीट करू नगंस. माझा राग जसाच्या तसा जाऊ दे."

आजारी होती, हे खरं. तुमच्या घरी गॅसवर दूध ठेवून विसरायची, भिंतीशी बोलायची, पाय बधिर झालेत म्हणायची. पायाचं कुणी ऐकलं? तुमच्या आईनं "नाटकं" म्हटलं, तुम्ही "डोकं फिरलंय" म्हटलं, आणि आषाढात तिला एकटीला एसटीत बसवून दिलंत. अहो, दहा किलोचा गुळाचा रवा धाडला तरी माणूस फोन करून विचारतो, पोचला का म्हणून.

सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी आधी पायाचंच विचारलं. मग रक्त तपासलं. बी-ट्वेल्व म्हणून काही असतं, ते पार तळाला गेलेलं. तिच्या आतड्यांना ते घेताच येत नाही. ते कमी पडलं की नसा बधिर होतात, आणि कुणाकुणाचं मनही बिघडतं, म्हणाल्या. मी विचारलं, "म्हंजी डोस्कं न्हवं, पोट बिघडलंय?" त्या हसल्या. "आज्जी, डोकं काय अंगाच्या बाहेर असतं का?"

चार महिने इंजेक्शनं चालू आहेत. मनाची गोळीही चालू आहे, ती लपवत नाही. आणि समजा रक्तात काही सापडलं नसतं, नुसतं मनाचंच असतं, तर काय एसटीत बसवायचं? तुमच्या वडिलांना साखर आहे. त्यांना कुठल्या गाडीत बसवलंत?

आता तुम्ही विचाराल, आषाढात आली, मग डॉक्टर भाद्रपद सरताना का? विचारा. विचारायलाच पाहिजे.

लिही गं चंदना, थांबू नगंस.

इथं आल्यावर ती जेवेना, बोलेना, आरशात बघेना. मी गल्लीभर सांगितलं, पोरीला वैराग्य आलंय. भाद्रपदातल्या दशलक्षण पर्वात तिनं दहा दिवसांचे उपवास धरले, दूध-दह्याचाही त्याग केला, आणि मी नको म्हटलं नाही. कशी म्हणणार? बायका माझ्या उंबऱ्यात येऊन तिच्या पाया पडत होत्या. दहा उपवासांचं पारणं म्हणून मी बँड लावला. हार घालताना ती म्हणाली, "आज्जी, माजं पाय कुटं हायती? लागंनात." मी म्हटलं, "तपाचं तेज हाय, बाळ. चल." आणि मंदिराच्या तिसऱ्या पायरीवर ती कोसळली. बँड वाजतच होता.

तुम्ही तिला वेडी म्हणून टाकलीत. मी साध्वी म्हणून मिरवली. ती आपल्या दोघांनाही पायाचंच सांगत होती.

एवढं मी तिला तोंडानं कधी बोलले नव्हते. आज तिच्याच हातानं लिहवून घेतलं. ती डोळे पुसून पुढची ओळ मागतेय.

वकिलाच्या काडीमोडाच्या कागदावर तुम्हाला तिची सही हवी आहे. आमचा रायगोंडा, तिचा बाप, फाडून टाकू म्हणतोय. मी म्हटलं, गप. तिच्या वतीनं बोलणारे लय झाले, त्यात मी पहिली. माझ्या अंगठ्याखाली जागा सोडलीय. तिथं ती काय लिहील ते मला वाचता येणार नाही, आणि मी विचारणारही नाही.

आशीर्वाद सध्या राखून ठेवणारी,
तुमची आजेसासू त्रिशला
(डाव्या हाताचा अंगठा)

"लग्नाआधीपासून वेडी" हे शब्द कागदातून काढा. मग सही करते.
— चंदना