कावळ्याला दिलेला शब्द

पंचवटी, नाशिक
९ नोव्हेंबर १९९८

प्रिय खंडेरावदादा,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा नमस्कार. (सध्या तुमच्या घरात माझं नाव घेत नाहीत असं कळलं, म्हणून नातं लिहिलं.) वहिनींनाही नमस्कार. द्राक्षांची छाटणी आटोपली असेल आणि यंदा डावणी रोगानं बागेकडे वाकड्या नजरेनं पाहिलं नसेल, अशी आशा आहे. मी खुशाल आहे असं लिहायची पद्धत असते. ती मोडतो. पाठ धरली आहे, झोप येत नाही, आणि स्वतःच्या हातचा भात खाऊन पोट माझ्यावर रुसलं आहे.

उज्वला पित्ताच्या खड्यांच्या ऑपरेशनला दिंडोरीला एकटीच कशी आली, असं तुम्ही फोनवर विचारलंत. (ओरडलातच, पण असो.) फोन शेजाऱ्यांचा, सगळं घर कान देऊन बसलेलं, म्हणून आता लिहितो.

सगळं त्या कावळ्यामुळे झालं. शेजारच्या वत्सलाबाईंचे यजमान, आमचे अण्णा, गेले. त्यांच्या दहाव्याला मी रामकुंडावर गेलो होतो. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. मुलानं हात जोडून आईला सांभाळीन म्हटलं, जावयानंही काहीबाही कबूल केलं, तरी कावळा ढिम्म. ऊन डोक्यावर आलं, गुरुजी पुढच्या मंडळींकडे बघायला लागले, आणि झाडावरचा गप्प असला तरी आमच्या पोटातले कावळे ओरडत होते. शेवटी मी पुढं झालो आणि म्हणालो, अण्णा, तुमचा पोपट मी सांभाळतो, निघा आता. अहो, कावळा झपकन खाली! लोक माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मीच अण्णांना स्वर्गात बसवून आलो.

झालं! रंगनाथचा शब्द कावळा मानतो, ही बातमी अंबडला आमच्या कारखान्यात गेली आणि तिथून पार मालेगावपर्यंत पोचली. कुणाचाही दहावा असो, मला बोलावणं. कावळा अडला की मी तोंड उघडणार. आमच्या गल्लीतल्या कमळाबाईंना दर पौर्णिमेला वणीच्या गडावर नेईन, असं त्यांच्या मेलेल्या सासूला सांगून बसलो. मालेगावच्या एका गेलेल्या गृहस्थांना म्हणालो, तुमच्या दोन्ही मुलांना मी एकत्र बसवतो. ते दोघे भाऊ दर रविवारी आमच्याकडे एकत्र बसून भांडतात, आणि त्यांना चहा उज्वला करते. पोपटाचा पिंजराही तीच धुते. (पोपट शिव्या देतो. अण्णा तर देवमाणूस, मग हा शिकला कुठं?) पण मेलेल्याला दिलेला शब्द मोडायचा कसा, तुम्हीच सांगा. जिवंत माणूस निदान समजून तरी घेतो.

उज्वला समजूनच घेत राहिली. ऑपरेशनची तारीख ठरली की काहीतरी आडवं यायचंच, कधी पौर्णिमा, कधी कुणाचा दहावा. डॉक्टर माझ्यावर चिडले, ती नाही चिडली. कळ आली की भिंतीला टेकून बसायची, ओसरली की पुन्हा चहा टाकायची. मी म्हणायचो, एवढं उरकू दे. परवा तिनं पिशवी भरली, पिंजरा माझ्यापुढं ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "तुमच्याकडून काही करून घ्यायचं तर आधी मरावं लागतं." आणि एसटीनं तुमच्याकडे आली. दादा, मी दारातच बसून रडलो.

तेव्हा गुरुवारी ऑपरेशन तिथंच होऊ द्या. तुमच्याकडे मायेची माणसं आहेत, माझी काही गरज नाही. मीही इथं जरा विश्रांती घेतो म्हणतो.

तुमचा,
रंगनाथ

ता.क. : शेवटचा परिच्छेद खोटा आहे. मला गुरुवारी यायचं आहे. तिला विचारून बघा. नको म्हणाली तर दवाखान्याबाहेर बसेन. पोपट वत्सलाबाईंकडे पोचवला आहे. अण्णांना काय वाटायचं ते वाटो.

ता.क. दुसरा : पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात कारखान्यातला हिरामण आला. त्याची आई गेल्या आठवड्यात वारली, दहावा नेमका गुरुवारी. मी नाही म्हणालो. कारण सांगितलं नाही, सांगत बसलो असतो तर हो म्हणून गेलो असतो. तो बाहेर ओट्यावर बसून राहिला आहे. मला फार वाईट वाटतं आहे. म्हाताऱ्या माउलीनं किती दिवाळ्या मला करंज्या पाठवल्या! पण आतून कडी लावली आहे, आणि आता मागच्या दारानं स्टँडवर निघतो. गुरुवारपर्यंत इथं थांबलो तर माझा भरवसा नाही. पत्र पोस्टात टाकत नाही, बरोबरच आणतो, कारण तोंडानं हे मला सांगता येणार नाही. तुमच्या हातात देईन आणि बाहेर बसेन. वाचून झालं की तिला द्या. तिनं दार उघडलं नाही, तर तिला काही बोलू नका.