आयचं नवं लुगडं आणि हरवलेल्या वस्तूंचा कायदा

४ नोव्हें., सोम.
विद्यापीठ. ज्यू धर्मग्रंथांचा पेपर. सरांचं पुन्हा ‘हाऊ डीप!’ हिब्रूचं एक अक्षर येत नाही, इंग्रजी भाषांतरावर बोट ठेवून डुलतात. फादर व्हायला सेमिनरीत होतो तेव्हा मी हिब्रू घासघासून शिकलो, ते इथे विचारतो कोण! वर फतवा: ज्यू लोक ग्रंथ एकट्याने वाचत नाहीत. जोडीने, मोठ्याने, भांडत वाचतात. तोंडी परीक्षाही जोडीनेच. माझ्या नशिबी चुरी. आगाशीच्या केळीवाल्यांची पोरगी. हा पेपर का घेतलास विचारलं तर म्हणे, “बाकीचे सकाळी आठला होते.” धन्य.

९ नोव्हें., शनि.
चु. आगाशीहून बसने आमच्याकडे वाचायला. आय खूश. मे महिन्यात मी सेमिनरी सोडली हे आयला अजून... नाही सांगितलं. तिला वाटतं, फादर व्हायच्या आधी सेमिनरीनेच मला विद्यापीठात पाठवलंय. गावालाही तेच वाटतं. परवा एकीने तर भर रस्त्यात आशीर्वादासाठी डोकं पुढे केलं. मूर्ख बाई. मी हात ठेवला.
चहाबरोबर आयने चु.ला नवं लाल लुगडं दाखवलं. मी फादर झालो की माझ्या पहिल्या मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला, नेसायचं. “तू पण यायचं हां. मोठा मांडव घालणार.” वर्गात ओळख करून देताना मी सेमिनरी सोडल्याचं सांगितलं होतं, त्यामुळे चु. माझ्याकडे बघतच राहिली.
बसस्टॉपवर: “आईला बोलला नाहीस?”
“तुझा विषय नाही.”
“ओके.”
ते ‘ओके’ मला अजिबात आवडलं नाही.

१२ नोव्हें., मंगळ.
आजचा उतारा: सापडलेली वस्तू कुणाची? मालकाने आशा सोडली असेल तर सापडणाऱ्याची. नाहीतर लोकांत पुकारा करायचा आणि परत द्यायची. सरांनी लगेच स्वतःचा मोबाइल हरवल्याची कथा लावली. तास संपत आला तरी फोन काही सापडेना. शेवटी मीच उताऱ्याचं सार सांगितलं, बोधासकट. चु. म्हणते, “तू प्रवचन देतोस यार. भांड ना!” सगळा वर्ग हसला. या लोकांना हसायला फार काही लागत नाही.

१६ नोव्हें., शनि.
ओटीवर वाचन. उताऱ्यातला पेच: वस्तू हरवलीय हे मालकाला ठाऊकच नाही, पण कळलं की तो आशा सोडणार हे नक्की. मग आजच सोडली असं धरायचं का?
मी: धरायचं. उद्या सोडणारच आहे.
चु.: “अरे, तिला माहीतच नाहीये! तिच्या वतीने ठरवणारा तू कोण?”
उताऱ्यातल्या मालकाची चु.ने बाई करून टाकली होती. मी चिडलो. म्हटलं, मूळ भाषा येत नाही तर वाडीत जाऊन केळी बघ.
“नाही येत. पण निकाल पुढच्या पानावर इंग्रजीत आहे. वाचलास?”
वाचला होता. ग्रंथ तिच्याच बाजूने आहे. हरवल्याचं कळलंच नाही, तर आशा सोडली असं धरता येत नाही. मंगळवारपासून मी ते पान टाळत होतो.
आमचे आवाज चढले तशी आय आतून म्हणाली, “कुणाचं काय हरवलं गं?”
वाचाळ चु.ने नेमकं तेव्हाच पुस्तकात डोकं घातलं! मी म्हटलं, “पुस्तकातलं आहे, आय.”
निघताना चु. म्हणाली, “परीक्षेत तुझी बाजू तूच मांड. मला नाही जमणार.” तिची एवढी चीड आली की बसस्टॉपपर्यंत सोडायलाही गेलो नाही. मग ओटीवरच बसून राहिलो. भीती वाटतेय. आयची.

१७ नोव्हें., रवि.
मिस्सा. बाहेर पडल्यावर नेहमीच्या चौकशा, मांडव कधी, बँड कुठला. यांना जेवणावळीशी मतलब. आय सगळ्यांना हसून उत्तरं देत होती.
घरी कोंबडी शिजत होती. मी पाणी प्यायला आत गेलो तर आय म्हणाली, “ती कालची बाई. तिचं सापडलं का?”
“कोण बाई?”
“तुमच्या पुस्तकातली.”
म्हटलं, सापडलंय. ज्याला सापडलं त्याच्याकडेच आहे.
“मग देत का नाही मेला?”
“हरवलंय हेच तिला माहीत नाही, आय.”
आयने गॅस बारीक केला. हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली.
“एवढं काय हरवलंय तिचं?”