अर्जातला सातवा रकाना

१२ जानेवारी, सोम.
सकाळी गाडीची सीट पार मागे. म्हणजे काल अप्पांनी चालवली. पुढे ओढली, आरसा खाली केला, निघाले.
सणसर ओलांडल्यावर वळणावर स्टिअरिंग एकाएकी जड. दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा कुठे वळलं. समोरच्या पॅनलवर पिवळा दिवा. गाडी कडेला घेऊन बंद केली, परत चालू केली. दिवा गेला, स्टिअरिंग हलकं. मागच्या महिन्यात एकदा असंच झालं होतं. तेव्हा मलाच भास झाला म्हणून सोडून दिलं. सोडायला नको होतं.
डेअरीच्या लॅबमध्ये सात मिनिटं उशीर. हजेरीच्या वहीत खरी वेळ लिहिली.
दुपारी सर्व्हिस सेंटरमधून फोन. गाडीची तीन वर्षांची वॉरंटी ३१ तारखेला संपते. वाढीव हवी असेल तर त्याआधीच घ्यावी लागते, नंतर मिळत नाही. बुधवारी येते म्हणाले.

१४ जानेवारी, बुध.
एमआयडीसीतल्या डेअरीतून थेट सेंटरला. स्टिअरिंगचं सांगितलं. त्यांनी वायर जोडून तपासलं, फेरी मारून आणली. काही दिसलं नाही. दवाखान्यात गेलं की ताप उतरतो तसं. दिसल्याशिवाय दुरुस्त करता येत नाही. स्टिअरिंगची मोटर जात असेल, पण कधी जाईल सांगता येत नाही, असं म्हणाले. वॉरंटी असली तर मोटर बदलून मिळेल. नसली तर आपली आपण.
वाढीव वॉरंटीची रक्कम माझ्या पगारात बसते. अडचण ती नाही.
काउंटरवरच्या प्राची मॅडमनी वॉरंटीचा अर्ज दिला. मला सगळं वाचल्याशिवाय सही करता येत नाही, त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. सातवा रकाना: वाहनात कंपनीबाहेर कोणताही बदल केला आहे काय? होय / नाही.
मी म्हटलं, क्लचला हातलिव्हर आहे. वडिलांसाठी.
त्यांनी गाडीत वाकून पाहिलं. मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, "तपासणीच्या दिवशी काढून ठेवा, नंतर परत बसवा. 'नाही'वर टिक करा. सगळेच करतात हो."
मी विचारलं, आणि खाली पत्र्याला भोकं आहेत ती?
"मॅट टाकायचं." मग दाराकडे बघून, "पण पुढं क्लेमच्या वेळी कुणाला दिसलं, तर मी असं काही बोलले नव्हते."
अर्ज घेऊन आले. घरी दाखवला नाही.

१५ जानेवारी, गुरु.
लिव्हर अप्पांनी स्वतः केलेला. डावा पाय गुडघ्याखाली काढला त्याला दोन वर्षं होत आली. नवा पाय चालायला बरा आहे, पण त्याला पेडल कळत नाही. म्हणून क्लचच्या पेडलला एक पट्टी, तिथून वर स्टिअरिंगच्या डावीकडे मूठ. मूठ दाबायची, खटक्यात अडकवायची, गिअर टाकायचा, मग हळूहळू सोडायची. मी चालवते तेव्हा पेडल नेहमीसारखं चालतं, फक्त मूठ गुडघ्याला लागते. तिथे एक काळा डाग कायमचा.
आज आईला अर्जाचं सांगितलं. भाकऱ्या करता करता तिने मान वर केली नाही. म्हणाली, "त्यांना ह्यातलं काय बोलू नगं. त्या लिव्हरला लई जपत्यात त्ये."
हेच वाक्य. पायाच्या वेळी अप्पांनी म्हटलं होतं, आईला बोलू नगं.

१६ जानेवारी, शुक्र.
लिहून टाकते, नाहीतर डोक्यातून जात नाही.
अप्पांच्या पायाच्या अंगठ्याला जखम होती तेव्हा डॉक्टरांनी कार्डावर इंग्रजीत लिहिलं होतं, ताबडतोब सर्जनला दाखवावे. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. वाचून दाखवलं. साखर कारखान्याचा हंगाम भरात होता. वर्कशॉपमध्ये अप्पांशिवाय लेथवर दुसरा माणूस नव्हता. ते म्हणाले, आठ दिवस थांबू, आईला सांगू नको. मी नऊ दिवस गप्प राहिले. कागदावर स्पष्ट लिहिलेलं असताना.
डॉक्टर नंतर म्हणाले, नऊ दिवसांनी फार फरक पडला नसता. 'फार' म्हणाले.

१८ जानेवारी, रवि.
सकाळी विहारात वंदना. अप्पा गाडी चालवत होते, आई पुढे, मागे मी आणि शेजारच्या दोन काकू. काकूंनी डोळे मिटून घेतलेले. अप्पांना आरशात दिसलं. म्हणाले, "डोळं उघडा, बया. न्हायतर तिकडं गेल्यावर सांगाल, आमी आपोआप आलो." त्या हसल्या, पण डोळे उघडले नाहीत.
मी त्यांचा हात पाहत होते. दाबला, अडकवला, गिअर, सोडला. गाडीला हिसका नाही. मला अजून चढावर हिसका बसतो.
पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला माझा आवाज आत गेला. खोटं न बोलण्याचं ते. लहानपणापासून म्हणते, आज पहिल्यांदा अर्थासकट ऐकू आलं. आईने कोपराने ढोसलं.

२० जानेवारी, मंगळ.
येताना भवानीनगरला बबनतात्यांच्या वेल्डिंगच्या दुकानात थांबले. तात्या अप्पांचे वर्कशॉपमधले जुने जोडीदार. लिव्हर त्यांच्याच लेथवर झाला. विचारलं, काढून परत बसवता येईल का, आणि भोकं बुजवता येतील का.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "काढायचा? का गं? सायबीन झालीस व्हय?"
सगळं सांगितलं. भोकं बुजतील म्हणाले, वर रंग मारला की कळायचं पण नाही. मग हातोडीचा दांडा पुसत बसले. म्हणाले, "अकरा दिस येत व्हता हितं. कुबडी घिऊन. दोन मोडलं, ह्यो तिसरा. पहिल्या दोन्हीला खटका सुटायचा. म्हणला, पोरगी बी चालवती, तिच्या गुडघ्यावर सुटला तर?"
मला हे माहीत नव्हतं. मला वाटलं होतं एका दिवसात झाला. मी तेव्हा म्हणाले होते, छान आहे, पण मूठ जरा बाजूला नाही का घेता आली?
निघताना तात्यांनी आणखी एक सांगितलं. असा बदल आरटीओत नोंदवावा लागतो. त्यांनी अप्पांना तेव्हाच सांगितलं होतं. अप्पा म्हणाले, बघू.
म्हणजे 'होय' लिहिलं तर तेही कागदावर येणार. बदलाची नोंद नसलेल्या गाडीतून माझे वडील वर्षभर फिरले, आणि गाडी माझ्या नावावर.

२२ जानेवारी, गुरु.
तात्यांच्या पोटात काही राहत नाही.
जेवताना अप्पांनी भाकरी मोडली. मग आईकडे बघून म्हणाले, "आमच्या घरात म्हंजी कसं हाय, घरातलं तात्याला इचारायचं, आन तात्याकडनं मला कळायचं."
आई माझ्याकडे बघेना. मी ताटावरून उठू नये म्हणून बसून राहिले.

२५ जानेवारी, रवि.
आज अप्पांना अर्ज पूर्ण वाचून दाखवला. मराठीत सांगत गेले, एकही ओळ न गाळता. सातव्या रकान्यापाशी त्यांनी परत वाचायला लावलं.
"बदल म्हंजी नुकसान, का कायबी?"
कायबी, असं मी म्हटलं.
त्यांनी पाय काढून ठेवला होता, पट्ट्याचे वळ चोळत होते. म्हणाले, "मग लिव न्हाय म्हणून. एवढं काय? दोन दिस काढून ठिवू. तुझ्या गाडीला मी कशाला आडवा यिऊ?"
तुझ्या गाडीला. आजपर्यंत कधी म्हणाले नव्हते.
मी म्हटलं, खोटं लिहून सही करणार नाही. ते म्हणाले, मग खरं लिव. मी म्हटलं, खरं लिहिलं तर वॉरंटी नाकारतील, शिवाय आरटीओचं निघेल. ते म्हणाले, "मग तुझं म्हणणं काय?"
माझं म्हणणं मला माहीत नाही. वॉरंटी घेतली नाही तर सगळं सोपं आहे. मग रोज सकाळी त्या वळणावर हात घट्ट धरून जायचं.

२७ जानेवारी, मंगळ.
अप्पा आईला घेऊन गाडीने पणदऱ्याला मावशीकडे गेले होते, मी डेअरीला एसटीने. संध्याकाळी मी घरी आले तर दोघं ओसरीवर बसलेली, गाडी दारात तिरकी लावलेली. आईचा चेहरा उतरलेला. ती काही सांगायच्या आत अप्पाच म्हणाले.
"जड झालं गं. तू म्हणालीस तसंच. मूठ अर्धी सुटल्याली, डावा हात तिच्यावर, उजव्या एका हातानं वळंना."
पुढून ऊस भरलेला ट्रॅक्टर येत होता, दोन ट्रेलरचा. अप्पांनी गाडी सरळ साइडपट्टीवर घातली आणि ब्रेक दाबून उभी केली. कुणाला काही लागलं नाही. ट्रॅक्टरवाला थांबला, पाणी दिलं, गेला.
आई एवढंच म्हणाली, की ते नंतर बराच वेळ मूठ धरूनच बसले होते. बोटं सोडवावी लागली.
मी १२ तारखेला हे पाहिलं होतं. सेंटरला सांगितलं, वहीत लिहिलं. अप्पांना रविवारी सांगितलं, तेही अर्जाच्या निमित्ताने. पंधरा दिवस चावी खिळ्यावर टांगलेली होती.

२९ जानेवारी, गुरु.
घरी आले तर लिव्हर निघालेला. अप्पांनी एकट्यानेच काढला. कारखान्यातल्या खाकी शर्टात गुंडाळून कपाटावर ठेवलाय. पत्र्याच्या भोकांना रबरी बुचं बसवलीत, पाणी येऊ नये म्हणून. पेडलवरचे ओरखडे पॉलिश पेपरने घासून साफ.
अप्पा संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत चालत गेले, सायकल दुरुस्तीवाल्याच्या बाकावर बसून आले.

३० जानेवारी, शुक्र.
सकाळी सीट मी काल ठेवली तशीच. आरसाही. माझा गुडघा कशालाच लागला नाही. सणसरपर्यंत दोनदा खाली बघितलं.

३१ जानेवारी, शनि.
अर्धी रजा. सेंटर.
तपासणीवाल्याने मॅट उचललंच नाही. मीच उचललं. तो म्हणाला, मॅडम, राहू द्या ना.
सातव्या रकान्यात 'होय'वर टिक केली. शेजारी दीड ओळीची जागा. लिहिलं: 'क्लचला हातलिव्हर होता. वडिलांनी स्वतः बनवलेला. तीन बोल्टवर बसवला होता. २९ जानेवारीस काढला.' खाली सही, तारीख.
प्राची मॅडम वाचून माझ्याकडे बघत राहिल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, हे वर पाठवावं लागेल, ते नाही म्हणू शकतात. अर्ज आजच्या तारखेत धरला जाईल एवढं त्या करतील. अर्जाची एक प्रत शिक्का मारून पोच म्हणून दिली. स्टिअरिंगची मंगळवारची तक्रारही लेखी घेतली, तारखेसह. ती मुदतीच्या आतली आहे.
विचारलं, परत बसवायचा असेल तर? त्या म्हणाल्या, आधी आरटीओत विचारा, मग मला. आरटीओत आज कुणी भेटलं नाही.
घरी आल्यावर अप्पांनी पोच मागितली. मग म्हणाले, काय लिवलंस वाच. वाचलं.
"तीन न्हवं. चार."
मी म्हटलं, भोकं तीनच दिसतात.
"चौथा पेडलच्या मागं हाय. त्योच तर कामाचा. आन खटक्याचं कायच लिवलं न्हाईस."
म्हटलं, जागा नव्हती. ते म्हणाले, मग येगळा कागद घे.
आम्ही लॅबमध्ये चुकलेल्या आकड्यावर शाई ओतत नाही. एक सरळ रेघ, वर बरोबर आकडा, बाजूला सही. माझ्या प्रतीवर तसंच केलं. पुरवणी म्हणून नवा कागद घेतला, वर अर्जाचा क्रमांक टाकला. त्यांनी शर्टातून लिव्हर काढून मांडीवर घेतला आणि सांगत गेले. पट्टी तीन सूत जाडीची. मूठ सायकलच्या रबराची. खटक्याला दात दोन, एक सुटला तर दुसऱ्याने धरावं म्हणून. मी लिहीत होते. आई दारात उभी राहून ऐकत होती, पोळी करपली.
शेवटी मी सही केली. त्यांनी कागद आपल्याकडे ओढला.
"माझीबी घे. केलाय मी."
ते सही करतात तेव्हा वेळ लागतो. अक्षर अक्षर.

१ फेब्रुवारी, रवि.
पुरवणी उद्या देणार. घेतील का माहीत नाही. वॉरंटी मिळेल का तेही नाही. मिळाली तर लिव्हर परत बसवू देतील का, आणि मोटर बदलेपर्यंत मी अप्पांना चालवायला बसू देईन का, ते तर मुळीच नाही.
विहारात जायला गाडीचं दार उघडलं. चावी रात्रभर माझ्या पर्समध्ये होती, पण दाराला कुलूप लावायचं राहिलं होतं.
सीट पार मागे सरकवलेली होती.