मानेमागचा पत्रा

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तू शाळेतल्या बाईंसारखी बोलतेस आणि पत्रात माणसासारखी, तेव्हा आपलं पत्रच बरं.

बातमी अशी की दुकानात पाय ठेवायला जागा नाही. डर्ट बाइकची दुसरी खेप आली, बारा गाड्या. खोक्यातून काढल्या तेव्हा हँडल वेगळं, पुढचं चाक वेगळं. मी आणि तुझ्या भावजयीनं बसून जोडल्या. चेन ती माझ्यापेक्षा सफाईनं बसवते आणि हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. पहिल्या खेपेत नटबोल्ट ढिले होते, एकीच्या शॉकअब्सॉर्बरमधून तेल गळायचं. त्यावरून बाजारात चिनी गाडी म्हणजे चार दिवसांची पाहुणी असं हिणवतात. हिणवू देत. जपानी गाडीच्या एक तृतीयांश किमतीत दुसरं कोण डोंगर चढून दाखवतं? अकरा गेल्यासुद्धा, बारावी मी मला ठेवली. पहिली घेतली गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी. खिंडीपलीकडच्या वस्त्यांवर त्या आजवर पायी जायच्या, आता सकाळी जाऊन दुपारी परत येतात.

थोडी फुशारकी मारू दे. या खेपेला मी आयातदाराला अडवून धरलं. म्हटलं, गाडीमागे बारा टक्के कमी कर, नाहीतर माल दुसऱ्याकडून घेतो. आठवडाभर ताणलं, मग आला वठणीवर. इतर दुकानदारांनीही माझ्या जोरावर तोच भाव पाडून घेतला. मला काडीचा व्यवहार कळत नाही असं म्हणणाऱ्या बहिणीनं हे वाक्य दोनदा वाचावं.

एक काम आहे. हा कारखाना तिकडे चीनमधल्या तुझ्या गावापासून तासाभरावर, आणि तुझी नोकरीच जहाजात चढणारा माल तपासायची. तिसऱ्या खेपेसाठी मी तुझ्याच ऑफिसचं नाव सुचवलंय. डोळे मिटून सही कर, माल लवकर सुटेल. (गंमत केली, मारू नकोस.)

माझ्यावर जेवढा जीव आहे तेवढाच राहू दे, फार वाढवलास तर उपदेशही वाढतो.

तुझा,
भुंगा

२० फेब्रुवारी

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन केला तर तू अर्धंच ऐकलंस आणि चिडून ठेवलास. म्हणून हे आजच्या आज कुरिअरने. बसून वाच, आणि भावजयीलाही वाचू दे.

मी कारखान्यात दोन दिवस होते. कारखाना वाईट नाही रे. मापं घेणाऱ्या मुली डोळ्यांत तेल घालून काम करतात. एका रांगेत जास्त भावाच्या ऑर्डरच्या चौकटी, म्हणजे गाड्यांच्या फ्रेम, होत्या. मी एकेक तपासली, कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या रांगेत तुमच्या. रंग तोच, स्टिकर तोच, पण उचलली तर हाताला हलकी लागली.

तिथे वेल्डिंग करणारा एक म्हातारा कारागीर आहे. दुभाष्याला मध्ये घालून त्याला विचारलं. मग त्यानं दोन्ही चौकटी उलट्या करून दाखवल्या. हँडल जिथे चौकटीत बसतं त्याला मान म्हणतात. तिच्या मागे तळहाताएवढा तिकोनी पत्रा जोडलेला असतो. गाडी खड्ड्यात आपटली की सगळा दणका मानेवर येतो आणि पत्रा तो वाटून घेतो. तुमच्या चौकटींना पत्रा नाही, आणि पाइपही पातळ. मी कारण विचारलं. तो म्हणाला, गिऱ्हाइकानं बारा टक्के मागितले, ते कुठून तरी काढायलाच हवे होते. रंगातून काढले तर लगेच दिसतं.

ते गिऱ्हाईक माझा भाऊ आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही.

दुसरी खेपही अशीच गेली असं तो म्हणतो. खात्री तूच कर. टाकी काढ आणि मानेमागे बोट फिरव. पत्रा नसेल तर एकही गाडी रस्त्यावर राहता कामा नये. रंगात केसाएवढी रेघ दिसली तर ती रंगाची समजू नकोस, लोखंड उकलतंय.

तिसऱ्या खेपेवर मी सही केलेली नाही.

मी रागावलेय असं वाटेल. रागावले नाही, घाबरलेय. एवढं ओळख आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

२७ फेब्रुवारी

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र यांना न सांगता लिहितेय.

तुमचं पाकीट आलं. यांनी वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि स्वतःच्या गाडीची टाकी काढली. मी बॅटरी धरली होती. यांनी मानेमागे बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, मग माझं बोट धरून तिथे नेलं. गुळगुळीत पाइप. पत्र्याचा मागमूस नाही.

त्यानंतर तीन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. रस्त्यावरून त्या आवाजाची गाडी गेली की हे घास हातात धरून थांबायचे, ती वळणापलीकडे जाईपर्यंत. म्हणायचे, अजून कुणाला काही झालेलं नाही, उगाच बोभाटा केला तर दुकान बसेल. मी म्हटलं, ‘अजून’ या शब्दावर आपण किती दिवस काढणार?

शेवटी काल मी गिऱ्हाइकांची वही घेतली आणि यांच्यासमोर पहिला फोन सुताराला लावला. सांगितलं, गाडी जिथे आहे तिथे उभी करा, वर बसू नका, आम्ही येऊन नेतो. हे ताडकन उठले. मला वाटलं फोन हिसकावणार. पण यांनी वही स्वतःकडे ओढली आणि दुसरा नंबर आपण लावला. संध्याकाळपर्यंत दहा जणांना निरोप गेला. कुणी शिव्या दिल्या, कुणी आभार मानले. यांना आभारच जास्त बोचले.

अकरावा नंबर डॉक्टरीणबाईंचा. जनावरांत साथ आली म्हणून त्या परवाच खिंडीपलीकडे गेल्यात आणि तिथे फोन लागत नाही. जीप त्या वाटेनं जात नाही, पायी दीड दिवस. तो चढ चढणारी, पहिल्या खेपेतली एकच गाडी गावात उरली होती, तिचा क्लच जळलेला. वन्सं, आज सकाळी हे आपल्याच गाडीवर निघाले. ज्या मानेवर यांनी माझं बोट फिरवलं, त्याच मानेच्या भरवशावर. मी फाटकात आडवी उभी राहिले. यांनी मला हळूच बाजूला केलं, म्हणाले की जिला ठाऊक नाही ती त्याच गाडीवर आहे, आणि ठाऊक असलेला मी घरात बसू का?

आता दुपारचे दोन वाजलेत. नुसतं वाट बघत बसवत नाही, म्हणून हे लिहीत बसलेय. तुम्हाला घोर लावतेय, क्षमा करा, पण तुमच्यावाचून सांगू कुणाला?

आपली,
भावजय

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप आहे, हे आधी.

त्या दिवशी मी पहिल्या गिअरमध्ये गेलो. दर वळणावर थांबायचं, उतरायचं, टाकीखाली वाकून मान बघायची, मग पुढे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. दगडावरून चाक उतरलं की दणका मनगटात यायचा आणि वाटायचं, हाच तो. अर्ध्या वाटेवर मानेच्या कडेला बारीक रेघ दिसली. थुंकी लावून पुसली. गेली नाही. तिथेच गाडी वाटेच्या आतल्या अंगाला टेकवली आणि पळत सुटलो.

डॉक्टरीणबाई तिसऱ्या वस्तीवर सापडल्या, एका गाईला सुई टोचत होत्या. मला धापा टाकताना बघून हसल्या, म्हणाल्या की कुठल्या गाईला काय झालं? मी सांगितलं. त्यांना ते खरं वाटेना. मग त्यांच्या गाडीची टाकी काढली. रेघ नव्हती, ताई, फट होती. नख आत जात होतं.

त्यांनी स्वतः फटीत नख घालून पाहिलं. मग म्हणाल्या की सकाळी वरच्या वस्तीवरून एका बाळंतिणीला मागे बसवून खाली आणलं, बाळ तिच्या मांडीवर होतं.

मी तिथेच मातीत बसलो आणि सगळं ओकून टाकलं; भाव मी पाडला, बारा टक्के मी मागितले, तुझं पत्र खिशात घालून तीन दिवस मी गप्प बसलो. त्यांनी चार थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी बॅग उचलली आणि चालू लागल्या. मी मागे. दुसऱ्या दिवशी गाव दिसायला लागल्यावर त्यांनी एकच विचारलं, हाच माल आणखी किती दुकानांत गेला?

ताई, मी माझ्या अकरा गाड्या मोजत बसलो होतो. हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता.

आयातदार यादी देत नाही, म्हणतो बोभाटा करशील तर कोर्टात खेचीन. तुझ्या ऑफिसात जहाजाचे कागद असतील. मागणं सोपं नाही, कळतं मला. तरी मागतोय. तिसऱ्या खेपेला मी जुना भाव द्यायला तयार आहे. त्या म्हाताऱ्याला पत्रा जोडायला सांग.

तुझ्या मायेला पात्र आहे की नाही ठाऊक नाही, पण ती लागते.

तुझा,
भुंगा

१३ मार्च

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद.

यादी सोबत आहे. कागद मी न विचारता घेतले. शुक्रवारी साहेबांनी बोलावलं आणि कागद कुठे गेले म्हणून विचारलं. खोटं बोलायला जमलं नाही. सोमवारपासून येऊ नका म्हणाले. पुढे काय, मला माहीत नाही आणि धास्ती वाटते, पण ती तुझ्या डोक्यावर ठेवत नाही.

तिसरी खेप गोदामात आहे. भाव वाढवून मिळाला तर पत्रा जोडू असं कारखानावाले म्हणतात. पण माझ्या जागी येणाऱ्यानं आधीच सही केली तर? म्हणून जुना भाव देतोस हे तू आयातदाराला लेखी कळव, आजच.

अठरा दुकानं आहेत, दोनशे सहा गाड्या. शेवटची नऊ तुम्ही दोघं घ्या, पहिल्या नवांना मी फोन करतेय. तिघांनी मला वेड्यात काढलं. एकाकडे अपघात झालाय. माणूस दवाखान्यात आहे, जगेल म्हणतात. तुला सांगू की नको असं झालं होतं. पण ही गोष्ट लपवायची नाही.

आज सकाळी सहावा लागला. मी टाकी कशी काढायची ते सांगत होते. मागे कुणीतरी गाडी न्यायला आलं होतं, किल्ली मागत होतं, घाईत होतं. दुकानदारानं मला मानेमागे म्हणजे नेमकं कुठे ते पुन्हा विचारलं. मी सांगितलं. फोन बाजूला ठेवून त्यानं टाकी काढल्याचा आवाज आला. मग तो बोलला, पण माझ्याशी नाही. त्या माणसाला म्हणाला की किल्ली आज मिळणार नाही.

आता सातवा लावते. दोघं सांभाळून राहा, आणि एवढ्या घाईत मला विसरू नका.

तुझी,
ताई